बिनदेठाची पानं

आमच्या घरात सकाळी उठल्यावर 'चहा घेतला का' असं कुणी विचारत न्हाई. 'झाली का' असं विचारतात. आन तेबी एकटीलाच, माझ्या भावाच्या पोरीला. अंगणवाडीच्या कागदावर तिचं नाव आराध्या हाय, पण माझ्या मायनं पहिल्याच दिवशी तिला गोदू म्हणलं आन तेच चिकटलं. गोदू चार माणसांइतकं बोलते, दोन माणसांइतकं भांडते, आन तिला शी होत न्हाई. म्हणजे होते, पण दोन-दोन, तीन-तीन दिवस होत न्हाई, आन तेवढे दिवस आमचं अख्खं घर पोट धरून बसतं.

"झाली का गं?" माझे वडील शेतातून आल्या आल्या विचारतात. त्यांना आमी आबा म्हणतो. "झाली का?" माझा भाऊ परमेश्वर परभणीच्या खताच्या दुकानातून फोन करून विचारतो, समोर गिऱ्हाईक उभं असलं तरी विचारतो. भिंतीपल्याडच्या लक्ष्मीबाई दात घासता घासता विचारतात. एकदा तर एसटीत कंडक्टरनं तिकीट देता देता मला विचारलं, "तुमच्या भाचीला झाली का हो?" तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. घरी येऊन मी म्हणलं, "आता पेपरातच छापून टाका, म्हणजे एकेकाला सांगत बसायला नको!"

लोक मला तापट म्हणतात. म्हणू द्या. ज्या घरात प्रत्येकाला आपलाच इलाज खरा वाटतो, तिथं कुणीतरी तापट लागतंच.

मायचा इलाज म्हणजे बेंबीभोवती हिंग आन पोटावर गरम केलेलं एरंडाचं पान. आबांचा इलाज म्हणजे गूळ-तूप आन खांद्यावर बसवून गोठ्याला चकरा. रेणुका वहिनी रात्री मनुका भिजवायची, सकाळी पपई कापायची, आन यूट्यूबवर कुणी काही सांगितलं की तेबी करायची. भाऊ फक्त लालूच दाखवायचा. "झाली तर गाडीवर चक्कर!" ह्या सगळ्यात पोरगी इतकी हुशार झाली, की ताटात काहीबी वाढलं की आधी विचारायची, "ह्याच्यानं शी होते का?" आन व्हय म्हणलं की ताट सरकवून द्यायची.

शेवटी वहिनी आन मी तिला परभणीला लेकरांच्या डॉक्टरीणबाईकडं घेऊन गेलो. बाई लय शांत. त्या म्हणल्या, "कधीतरी खडा झाला असेल, दुखलं असेल. आता त्या दुखण्याच्या भीतीनं ती दाबून धरते. जितकं धरते तितकं कडक होतं, आन तितकं दुखतं." त्यांनी शी मऊ करायचं औषध दिलं. पाणी, भाज्या, फळं द्या म्हणल्या. रोज जेवण झाल्यावर थोडा वेळ बसवा, पाय अधांतरी लोंबू देऊ नका, रागवू नका, आन झाली की कौतुक करा. उठता उठता त्यांनी आणखी एक सांगितलं, "घरच्या घरी काही घालायच्या भानगडीत पडू नका." हे मी मायला जसंच्या तसं सांगितलं होतं. दोनदा सांगितलं होतं.

मग आमी कामाला लागलो. आबांच्या गुडघ्यांसाठी आमच्याकडं कमोड बसवलेला हाय. त्याच्यावर गोदूचे पाय लोंबायचे, म्हणून खाली उलटं घमेलं ठेवलं. आन कौतुकाचं असं ठरलं, की शी झाली की गोदूनं तिथूनच ओरडायचं 'झालीऽऽ', आन घरातल्यांनी जिथं असतील तिथून टाळ्या वाजवायच्या. आबा गोठ्यातून वाजवायचे, माय पीठ लागलेल्या हातांनी वाजवायची, आन भिंतीपल्याडून लक्ष्मीबाईंची टाळी यायची. खरं सांगते, लय छान चाललं होतं. गोदूला टाळ्यांची चटक लागली होती.

आन मग मायनं माती केली.

मायला जेवल्यावर पान लागतं. तिचा पानाचा डबा पितळी हाय, झाकण उघडताना टण्ण वाजतो. एक दिवस वहिनी माहेरी गेलेली, मी शाळेत शिकवायला गेलेली, आन गोदूला काल झाली नव्हती, आजबी झाली नव्हती. मायनं डब्यातलं पान काढलं, त्याचा देठ खुडला, एरंडेल तेलात बुडवला, आन... पुढचं मी सांगत न्हाई. ज्यांच्या घरात हे झालंय त्यांना कळलं असंल, आन ज्यांच्या घरात झालं न्हाई त्यांनी देवाचे आभार मानावेत.

झाली. रडून रडून झाली. ह्या वेळी मात्र टाळ्या वाजवणारी माय एकटीच होती.

संध्याकाळी मी जे भांडले, ते ऐकायला लक्ष्मीबाईंना भिंतीला कान लावायची गरज पडली न्हाई. माय उलट म्हणाली, "माझ्या सासूनं तुमाला सगळ्यांना असंच केलं. मेलात का? आन तुमच्या त्या डाक्टरणीनं काय केलं, उलसं औषध देऊन पैसे घेतले!" वहिनी तर माहेराहून आल्यावर आठवडाभर मायशी बोलली न्हाई. पण नुकसान व्हायचं ते झालंच होतं. त्या दिवसापासून डबा टण्ण वाजला, की गोदू असंल तिथून पळायची आन भिंतीला पाठ लावून उभी ऱ्हायची. माय पान खाऊन डबा बंद करेपर्यंत हलायची न्हाई. औषध चालू, मनुका चालू, घमेलं जागेवर, आन गोदू गच्च. मायनं पुन्हा तसं केलं न्हाई, पण धाक घालायची सवय काही गेली न्हाई. "बसतीस का देठ आणू?" म्हणायची. खुद्द मायचं पोट तरी कुठं शहाणं हाय? रोज झोपताना इसबगोल घेते. पण तिला 'झाली का' असं कुणी विचारत न्हाई.

आता माझं सांगते, कारण ह्या सगळ्यात माझीच मान अडकली होती.

माझी शाळा देवगाव फाट्याच्या पुढं हाय. आमच्या पेडगावहून जाताना फाट्यावर उतरून दुसऱ्या गाडीची वाट बघावी लागते. तिथं नागेशचं फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान हाय. पहिल्यांदा त्यानं मला उन्हात उभी बघून स्टूल दिलं. मग पाणी दिलं. मग गाडी आली तरी मी स्टुलावरून उठेना, असं व्हायला लागलं. पोरगा सरळ, बोलायला गोड, आन मी चिडले की हसतो. माझ्या आयुष्यात मी चिडल्यावर हसणारा हा पहिलाच माणूस. बाकीचे सगळे पळतात.

घरी सांगायचं तर प्रेमबिम म्हणून सांगण्यात अर्थ नव्हता. म्हणून मी पंचफुला मावशीला कामाला लावलं. सोयरिकी जुळवण्याचा तिला लय नाद. तिच्यासमोर मी नागेशच्या घरच्यांचं नाव असं काही काढलं, की आठवड्यानं तीच आमच्या दारात आली आन म्हणाली, "प्रियांकासाठी मी एक स्थळ शोधलंय!" तिकडं नागेशनंबी तसंच काहीतरी केलं. आता दोन्ही घरांना वाटतं, की हे आपणच जमवलं. वाटू द्या. पण हे स्थळ मोडलं असतं तर दुसऱ्या कुणासमोर मी चहाचा ट्रे घेऊन जाणार नव्हते, हे मी मनाशी पक्कं केलं होतं.

नागेशची माणसं जिंतूरकडची. वडील बजरंगराव, पूर्वी पोलीस पाटील होते. मिशा अशा, की गोदूनं पहिल्यांदा बघितल्या तेव्हा विचारलं, "ह्या काढून ठेवता येतात का?" बोलायला मात्र एकदम कमी. पण त्यांच्या घरात चालतं ते त्यांच्या थोरल्या बहिणीचं, सुलाबाईंचं. सुलाबाईंनी एका भाच्याचं जमलेलं लग्न नारळ नासका निघाला म्हणून मोडलं होतं, हे मला नागेशनंच सांगितलं होतं.

ते पहिल्यांदा घर बघायला आले, तेव्हा जेवणं झाल्यावर मायनं बजरंगरावांच्या पुढं विडा धरला. त्यांनी विड्याकडं बघितलं आन खुर्ची मागं सरकवली. "मी पान खात न्हाई." मायनं आग्रह केला तसे ते उठून अंगणातच गेले. त्या दिवसापासून मायचा जीव टांगणीला. "व्याह्यानं पान नाकारलं गं. मनात काहीतरी हाय त्यांच्या." मलाबी मनातून धाकधूक वाटायली होती.

सुपारी फोडायचा दिवस आला. भावानं सकाळीच परभणीहून पानं आणली, चांगली हिरवीगार, लांब देठाची. ओल्या फडक्यात गुंडाळून परातीत ठेवली आन परात देवाच्या फळीखाली ठेवली. गोदूनं फडकं उचकून बघितलं. एवढी पानं तिनं आयुष्यात एका जागी बघितली नव्हती.

"आजी, एवढी पानं कुणाला?"

माय पुऱ्या तळायली होती. पाहुणे यायची वेळ झालेली, कढईतलं तेल उडायलेलं, आन त्यात गोदूला तीन दिवस झाली नव्हती. माय तिच्याकडं न बघताच म्हणाली, "तुला! आज झाली न्हाई तर सगळी तुलाच!"

"माय!" मी आतून ओरडले. पण वहिनी माझ्या साडीच्या निऱ्या घालायली होती, माझ्या तोंडात तिच्या पिना होत्या, आन मला हलता येईना. गोदू काहीच बोलली न्हाई. गोदू गप बसली म्हणजे घरात काहीतरी व्हायलंय, हे आमाला कळायला पाहिजे होतं. पण त्या दिवशी आमाला वाटलं, बरं झालं, आज तरी गप बसली.

पाहुणे आले. चहा झाला, ओळखी झाल्या, बैठक भरली. चौरंग मांडला. मी पदर घेऊन, मान खाली घालून बसले. मान खाली घालणं मला जमत न्हाई, पण नागेशसाठी घातली. गुरुजींनी तांदळाची रास केली आन म्हणले, "पानं द्या, देठ देवाकडं करून ठेवा."

सुलाबाई म्हणाल्या, "द्या इकडं, मी ठेवते." त्यांनी फडकं उघडलं, पान उचललं, आन फिरवून बघितलं. मग दुसरं उचललं. मग तिसरं. मग परातच पुढं ओढली आन सगळी पानं भराभर चाळली.

"ह्यास्नी देठच न्हाईत," त्या म्हणल्या.

 सगळी पानं कुणीतरी एकेक करून खुडली होती. बिनदेठाचं पान खायला चालतं, देवापुढं चालत न्हाई, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाबी माहीत असतं.

"आमच्या लेकराच्या सुपारीला खुडलेली पानं?" सुलाबाईंचा आवाज चढला. "ही काय रीत झाली?"

"आवं, सकाळी चांगली व्हती," माय रडकुंडीला आली. "देवाशपथ चांगली व्हती."

त्यांच्यातला एक जण शेजारच्याच्या कानात बोलला, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "करणी दिसायलीय. एकबी देठ ठेवला न्हाई म्हणजे काय?" झालं! करणी म्हणलं की आमच्याकडं शिकलेली माणसंबी चपला शोधायला लागतात. सुलाबाईंनी पदर खोचला. "बजरंगा, ऊठ. हे आपल्याला पाहिजे न्हाई."

मी नागेशकडं बघितलं. त्याच्या तोंडावर रंग उरला नव्हता. मला तिथंच रडू येईल असं वाटलं. आन मला रडू यायला लागलं की राग येतो. मी पदर मागं टाकला. एका देठासाठी माणसं मोडता काय, असं ह्या सगळ्यांना आता तोंडावर विचारायचं, मग जे होईल ते होवो, असं म्हणून मी उठायलेच होते.

तेवढ्यात मागून, पार मागून, आवाज आला.

"झालीऽऽऽ!"

आन आबांनी टाळ्या वाजवल्या. हात त्यांचे आपोआप उठले. भावानं वाजवल्या, वहिनीनं वाजवल्या, डोळ्यांत पाणी घेऊन मायनं वाजवल्या. भिंतीपल्याडून लक्ष्मीबाईंची टाळी आली. आन मी, नवरी मुलगी, पदर खांद्यावर, बैठकीच्या मधोमध उभी ऱ्हाऊन जोरजोरात टाळ्या वाजवायले होते. पाहुणे आमच्याकडं बघायले होते. गुरुजींच्या हातातले तांदूळ सांडले.

"काय झाली?" सुलाबाईंनी विचारलं.

गोदू दारात येऊन उभी. नवा फ्रॉक कमरेपर्यंत ओला, खाली काही न्हाई, आन एक मूठ घट्ट मिटलेली. "शी!" ती म्हणाली. "मोठ्ठी! माझी मी बसले. घमेल्यावर पाय ठेवून बसले. दुखलं न्हाई."

"गोदू, आत चल," वहिनी तिला धरायला धावली. पण गोदू तिच्या हाताखालून निसटली आन थेट मायपुढं जाऊन उभी ऱ्हायली. "आता तुझ्याकडं एकबी देठ न्हाई," ती म्हणाली. "मी सगळे खुडले. म्हशीला दिले. तुझ्या डब्यातलेबी दिले."

"देठ?" सुलाबाई म्हणल्या. "देठाचं काय करते तुझी आजी?"

एवढी म्हातारी बाई आन हिला एवढंबी माहीत न्हाई, अशा नजरेनं गोदूनं त्यांच्याकडं बघितलं. मग तिनं समजावून सांगितलं. एरंडेलाच्या वाटीपासून सुरू केलं, आन काही म्हणजे काही सोडलं न्हाई. कळायला सोपं जावं म्हणून वळून, वाकून दाखवलंबी. मायनं तोंडावर पदर ओढला. मला वाटलं, संपलं सगळं. करणीपेक्षा हे वाईट.

मग एक विचित्र आवाज यायला लागला. आमी सगळ्यांनी वळून बघितलं. बजरंगरावांचे खांदे हलायले होते. मिशा थरथरायल्या होत्या. ते हसायलेत का रडायलेत, पहिल्यांदा कळेचना. ते पुढं सरकले, गोदूच्या समोर उकिडवे बसले आन त्यांनी हळूच विचारलं, "एरंडेलात बुडवून?"

"व्हय," गोदू म्हणाली.

"पाय कोन धरले तुझे?"

"कुणीच न्हाई. आजी एकटीच होती."

"माझे ही धरायची!" बजरंगरावांनी सुलाबाईंकडं बोट केलं. "गुडघ्यावर गुडघा ठेवून!"

सुलाबाई लालबुंद झाल्या. "आरं बाबा, मायनं सांगितलं व्हतं! तू चार-चार दिवस बसत न्हवतास, मी काय करू? मी काय हौसेनं धरायचे का?"

"पोलीस पाटीलकी केली," बजरंगराव आमच्या आबांना म्हणले, "रानात एकटा चोरामागं पळालो. पण पान दिसलं की माझ्या अंगावर काटा येतो. आजतागायत तोंडात घातलं न्हाई. कुणाला सांगू हे? बायकोलाबी सांगितलं न्हाई." ते बोलता बोलता गोदूच्या डोक्यावर हात फिरवायले होते. "ह्या लेकरानं जे केलं ते मला त्या वयात सुचलं न्हाई बघा."

पदराआडून मायनं एक डोळा बाहेर काढला. व्याह्यानं पान का नाकारलं होतं, ते तिला आत्ता कळलं.

"सुपारी हितंच फोडायची," बजरंगराव म्हणले. "ह्याच पानांवर."

"आरं पण देठाबिगर देवाला..."

"अक्का, देवाला इचारलंस का तू?"

सुलाबाईंनी गुरुजींकडं बघितलं. गुरुजींना पुढं दुसरीकडं एक लग्न लावायचं होतं आन आत पुऱ्यांचा वास सुटला होता. ते म्हणले, "मन शुद्ध असलं की चालतं." पुढं काय झालं ते मला नीट आठवत न्हाई, कारण मी नागेशकडं बघायले होते आन तो हसायला होता. सुपारी फुटली एवढं मात्र मी ऐकलं.

जेवणं झाल्यावर माय भीत भीत विडा घेऊन बजरंगरावांपुढं आली. त्यांनी तो हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, देठ न्हाई हे बोटानं चाचपून बघितलं, आन डोळे मिटून तोंडात टाकला. चावला. गिळला. गोदूनं टाळ्या वाजवल्या, म्हणून मग सगळ्यांनी वाजवल्या.

मायला ऱ्हावलं न्हाई. तिनं गोदूला ओढून मांडीवर घेतलं, तिचे पटापट मुके घेतले. "चुकलं गं माझं सोन्या. लय चुकलं. आता देठाचं नावबी काढणार न्हाई. तुझी शपथ." आन खरंच रडली. मला मायचा आलेला सगळा राग तिथंच गेला.

गोदूनं मायचे डोळे फ्रॉकनं पुसले. मग तिनं ती मिटलेली मूठ उघडली. आत एक देठ होता, घामानं मऊ पडलेला.

"हा कामून ठेवलास गं?" मायनं विचारलं.

"तुझ्यासाठी," गोदू म्हणाली. "तू रोज रात्री इसबगोल घेतीस न्हवं? आता सकाळी मी तुला विचारणार, झाली का म्हणून. न्हाई म्हणलीस तर हा हाय." तिनं देठ पुन्हा मुठीत घेतला आन सुलाबाईंकडं बघितलं. "पाय ह्या आजी धरतील."